सूर कुठे संपतो ते ऐका: बेस गिटार, डबल बेस आणि टोनचा हिशेब

"टोन सुधारायचाय. कुठला अँप घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा कॉलेजच्या बँडमध्ये किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वर्षभर बेस वाजवलेला असतो. मी विचारतो, तारा कधी बदलल्या होत्यास? "दुकानातून आल्या त्याच आहेत." मग त्याला मोकळी ए तार एकदाच छेडायला सांगतो आणि म्हणतो, हा सूर पूर्ण विझेपर्यंत हलू नकोस. तीन-चार सेकंदांतच तो चुळबुळ करायला लागतो. आपल्याच वाद्याचा एक सूर शेवटपर्यंत त्याने कधी ऐकलेलाच नसतो.

डग्ग्यावर 'घे' किती घुमू द्यायचा आणि मनगटाने नेमका कधी दाबायचा, यावरून तबलजीचा हात ओळखू येतो. बेसचंही तसंच आहे. सूर कसा सुरू होतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो किती टिकतो, कसा उतरतो आणि कुठे संपतो, यात टोनचा मोठा भाग असतो. बोटं, तारा, ब्रिजखालचा (ब्रिज म्हणजे वाद्याच्या अंगावरचा तारांचा आधार) फोमचा तुकडा, पिकअप (तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), अँप या सगळ्यांची निवड मी याच एका कसोटीवर करतो. पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत: आधी तारा आणि सेटअप, मग स्पीकर, आणि पेडल सगळ्यांत शेवटी.

दोन वाद्यं, एकच खर्ज

बेस गिटार आणि डबल बेस (व्हायोलिनच्या धाटणीचं, उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य) दोन्ही ई-ए-डी-जी असेच लावतात. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, ए ५५ची, डी ७३ची आणि जी ९८ची. दोन्हींचं नोटेशन प्रत्यक्ष सुरापेक्षा एक सप्तक वर लिहिलं जातं. फरक आहे लांबीत आणि लाकडात. बेस गिटारची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत साधारण ३४ इंच असते, डबल बेसची ४१-४२ इंच. बेस गिटारचं अंग भरीव असल्याने तारेतली ऊर्जा लवकर बाहेर पडत नाही आणि सूर दहा-बारा सेकंद सहज रेंगाळतो. डबल बेसची तार तीच ऊर्जा ब्रिजवाटे वरच्या फळीला देऊन टाकते. म्हणून तो अँपशिवायही खोली भरतो आणि म्हणूनच बोटाने छेडलेला त्याचा सूर लवकर उतरतो. 'उभ्या बेससारखा आवाज' ज्याला हवा असतो, त्याला खरं तर हा उतार हवा असतो.

लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागतो, हे त्या नावातच सांगितलेलं आहे. शिवाय तो गिटारसारखा गळ्यात अडकवता येत होता, आणि डबल बेस घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांना याची किंमत कळत होती. पण अँपची गोष्ट त्याच्याही आधीची. अँपेग या कंपनीचं नाव 'अँप्लिफाइड पेग'वरून आलं: डबल बेस ज्या खुंटावर उभा राहतो त्या खुंटातून मायक्रोफोन आत बसवायची ती युक्ती होती. बेस ऐकू येत नाही ही तक्रार बेस गिटारपेक्षा जुनी आहे.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाहीत, तरी गाण्यातला बेस आपल्याला कळतो. कारण ई तारेत ४१ सोबत ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही वाजत असतात आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर मनात भरून काढतो. अँपवरचा बासचा नॉब पूर्ण फिरवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बेस ओळखू येतो तो बराचसा वरच्या स्वरांशांमुळे.

हात: बेस गिटार

बसून सुरुवात करा आणि पट्टा अशा उंचीवर लावा की उभं राहिल्यावरही बेस त्याच जागी राहील. मांडीवर छातीशी आणि उभं राहिल्यावर गुडघ्यापाशी, असं झालं तर रोज दोन वेगवेगळी वाद्यं शिकल्यासारखं होतं.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवा. बोट तार ओढून वर उचलायचं नाही. तारेतून पार होऊन ते शेजारच्या जाड तारेवर टेकलं पाहिजे. असं केल्याने आवाज भरतो आणि ती जाड तार आपोआप गप्पही राहते. अंगठा सुरुवातीला पिकअपवर टेकवा. सहा महिन्यांनी तो मोकळा करून ई आणि ए तारांवर सरकवायला शिका, म्हणजे न वाजणाऱ्या तारा अंगठ्याने दाबता येतात. बेसवर गोंगाट होतो तो न वाजवलेल्या तारांचा.

डाव्या हाताला 'प्रत्येक फ्रेटला एक बोट' असं शिकवतात. पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर आहे. लहान हाताने तिथे बोटं ताणून ठेवली की मनगट दुखायला लागतं. पाचव्या फ्रेटच्या खाली डबल बेसची पद्धत वापरा: पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तीन फ्रेटपुरतं, आणि पुढे हात सरकवायचा. तिसरं बोट चौथ्याला टेकू देतं. बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवा. दोन फ्रेटच्या मध्ये ठेवलं तर जास्त जोर लागतो आणि तार खरखरते.

आता माझा लाडका रियाज. मेट्रोनोम ६० वर. प्रत्येक मात्रेला एक सूर, पूर्ण मात्राभर, पुढच्या सुराला चिकटलेला. मग तोच सूर अर्धी मात्रा, अर्धी मात्रा शांतता. मग पाव मात्रा. सूर थांबवताना डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब काढायचा. उचललंत तर मोकळी तार बोलते. दहा मिनिटं करून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना सुरांची नव्हे, शांततेची लांबी तपासा. ती प्रत्येक वेळी सारखी असेल तर हात तयार होतोय.

यानंतर तोच सूर तीन जागी वाजवून पाहा: मानेच्या टोकाशी, पिकअपवर आणि ब्रिजजवळ. मानेशी आवाज गोल आणि मऊ, ब्रिजशी टोकदार आणि कोरडा. ब्रिजजवळ मूळ सुराचा वाटा कमी होऊन वरचे स्वरांश पुढे येतात, बाकी काही जादू नाही. अमेरिकन बेसवादक जॅको पॅस्टोरियसचा फ्रेट काढलेल्या जॅझ बेसवरचा (हे फेंडरचंच दुसरं मॉडेल) गाणारा आवाज बराचसा मागच्या पिकअपचा आणि तिथेच चालणाऱ्या बोटांचा आहे. दुसरं टोक जेम्स जेमर्सनचं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारा हा वादक मूळचा डबल बेसवाला. एकाच तर्जनीने तो वाजवायचा. जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम. त्याचा प्रत्येक सूर ठोका देऊन लगेच बाजूला होतो. हातात बेस गिटार होता, पण सुराचा उतार त्याने जुन्या वाद्याचाच ठेवला.

स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं, शिकायचं असेल तर बेसवादक मोहिनी डेचं वादन जरूर पाहा, पण वेगासाठी नाही. इतक्या वेगातही तिचा प्रत्येक सूर कसा कापलेला असतो ते ऐका.

हात: डबल बेस

बेस गिटार येतो म्हणजे डबल बेस अर्धा आलाच, असं मी समजत होतो. पहिल्या महिन्यात बोटांच्या टोकांना फोड आले आणि सूर एकही जागेवर लागेना. मराठी-हिंदी गाणी वाजवणाऱ्यांना या वाद्याचा वारसा मात्र जवळचाच आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद भरले आणि त्यांत डबल बेसवालेही होते. हे वाद्य अँपशिवाय कसं वाजतं ते ऐकायचं तर नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला जा आणि उजवीकडे मागे उभ्या असलेल्या बेसवाल्यांकडे कान लावा.

उंची: खुंट इतका बाहेर काढा की वरचा नट साधारण भुवईच्या पातळीवर येईल. नंतर उजवा हात सैल सोडून बघा. बोटं फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी न वाकता पोहोचली पाहिजेत. बेस शरीराकडे किंचित तिरका आणि डाव्या कंबरेला टेकलेला. हात सोडले तरी तो तुमच्या अंगावर उभा राहायला हवा. डाव्या अंगठ्याने त्याला धरून ठेवायची वेळ येत असेल तर उभं राहणंच चुकलंय.

डावा हात: पहिलं, दुसरं, चौथं बोट. पहिल्या आणि चौथ्यामध्ये एक पूर्ण स्वर, मधे दुसरं बोट. नटजवळ ही पकड जवळपास ११ सेंटिमीटरची होते, म्हणून तिथे तीनपेक्षा जास्त सूर एका जागी मिळत नाहीत. दाब अंगठ्याच्या चिमटीतून द्यायचा नाही. कोपर थोडं मागे टाकून हाताचं वजन तारेवर लटकवा. सुरुवातीला अंगठा मानेपासून पूर्ण सुटा ठेवून वाजवून पाहा. सूर तरीही निघतो.

उजवा हात: बेस गिटारसारखं बोटाच्या टोकाने छेडू नका. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून बोटाच्या कडेचं मांस तारेवर टेकवा, अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला, आणि हाताच्या वजनाने तार बाजूला ओढून सोडा. जितकं मांस जास्त, तितका सूर जाड. घट्टे पडायला वेळ लागतो. पहिले दोन महिने दिवसाला तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं पुरे. फोड आला की थांबा.

सुरेलपणासाठी आपल्याकडे जे साधन आहे ते परदेशी शिकवणीच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी पाचवर, म्हणजे जी वर लावा. मोकळी जी तार झाली सा. त्याच तारेवर पहिल्या बोटाने रे, चौथ्याने ग. रे म्हणजे ए. तो बरोबर लागला तर शेजारची मोकळी ए तार आपणहून गुणगुणते. वर सरकून प, म्हणजे डी घेतला की डी तार बोलते. सतारीच्या तरफेच्या तारांसारखंच हे. सूर थोडा हलला की शेजारीण गप्प. मी फिंगरबोर्डवर स्टिकर लावायच्या विरोधात नाही, पण स्टिकर डोळ्यांना शिकवतो. रंगमंचावर दिवे मंद झाले की डोळ्यांचा उपयोग संपतो.

बो, म्हणजे गज, शिकाच, पुढे आयुष्यभर फक्त बोटांनी वाजवणार असलात तरी. छेडलेला सूर लगेच उतरत असल्याने त्यातला बेसूरपणा लपतो, बोने तो सेकंदभर समोर उभा राहतो. जर्मन बो खालून धरतात, फ्रेंच वरून, चेलोसारखा. शिक्षक जो शिकवत असेल तो घ्या. तो तारेला काटकोनात फिरवा, ई तारेवर हळू. रोझिन (बोच्या केसांना लावायची राळ) मऊ असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ते डबीत वितळून पसरतं. वाद्याच्या केसच्या खिशात उलटं ठेवलंत तर तुमचं तुम्ही बघा.

तारा: सर्वांत स्वस्त बदल, सर्वांत मोठा फरक

बेस गिटारला चार जाती. राउंडवाउंडवर गोल तारेचं वेटोळं असतं. आवाज चकचकीत, सूर लांब, बोट घासल्याचा आवाजही येतो. फ्लॅटवाउंडवर सपाट पट्टी गुंडाळलेली; चमक कमी, सूर ठोक्यासारखा, आणि वर्षानुवर्षं टिकतात. ग्राउंडवाउंड या दोघींच्या मधल्या. काळ्या नायलॉनच्या टेपवाउंड सर्वांत मऊ, फ्रेटलेसवर फिंगरबोर्ड खरवडत नाहीत. जाडी नेहमीची म्हणजे .०४५ ते .१०५ इंच.

माझा स्पष्ट कौल: भावगीत, जुनी हिंदी गाणी, जॅझ, सोल वाजवत असाल तर एकदा तरी फ्लॅटवाउंड लावाच. रॉक, मेटल, स्लॅप यांसाठी राउंडवाउंड. आणि त्या वाजवल्यावर कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर मुंबईच्या घामात महिन्या-दोन महिन्यांत त्यांची चमक मरते. उकळत्या पाण्यात टाकून ती परत आणता येते, थोडे दिवस. तारांचा ताण बदलला की सेटअप पुन्हा करावा लागतो, हे पैसे देतानाच धरून चला.

फ्लॅटवाउंड घ्यायच्या आधी एक प्रयोग करा. गादीवाल्याकडून बोटभर फोम आणा आणि ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली सारा. सूर आखूड झाला, मूळ स्वर मात्र टिकून राहिला. हा आवाज आवडला तर तुमची दिशा ठरली, आणि खर्च झाला एका वडापावइतका.

डबल बेसला पोलादी गाभ्याच्या तारा, उदाहरणार्थ स्पायरोकोअर, लांब आणि गुरगुरणारा सूर देतात. ऑब्लिगातोसारख्या कृत्रिम गाभ्याच्या तारा जरा गोल आणि बोटाला मऊ. आतड्याची तार सर्वांत आखूड, लाकडी ठोका देते, पण आपल्या दमट हवेत ती दिवसातून चारदा लावावी लागते. सुरुवात कृत्रिम गाभ्याने करा. आणि हे मोठ्या अक्षरांत वाचा: तारा एक-एक करूनच बदला. आत उभी असलेली साउंडपोस्ट नावाची काडी कुठेही चिकटवलेली नसते, ती दोन फळ्यांमध्ये अडकून, तारांच्या दाबाने उभी असते. चारही तारा सैल केल्या की ती पडू शकते. पडलीच, तर सगळ्या तारा लगेच पूर्ण ढिल्या करा आणि वाद्य कारागिराकडे न्या. तसंच ताणून ठेवलंत तर वरची फळी खचते. सूर लावताना तारा ब्रिजला फिंगरबोर्डकडे खेचतात. ब्रिजची खुंटाकडची बाजू फळीला काटकोनात आहे ना, ते दर आठवड्याला बघा. खाचांत साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं की तार सरकते आणि ब्रिज वाकत नाही.

सेटअप, घरच्या घरी

बेस गिटारसाठी क्रम असा, आणि तो मोडू नका.

१. नव्या तारा लावून, सुरात आणून एक रात्र तशाच राहू द्या.

२. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) आवळा, नसेलच तर सैल करा. एका वेळी पाव फेरा. अडलं तर जोर लावू नका, दुकान गाठा.

३. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची: ई साठी २ ते २.५ मिमी, जी साठी १.५ ते २. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी. तार फार खाली असेल तर ती फ्रेटवर आपटते आणि सूर उगवतानाच मरतो. 'सॉफ्ट अ‍ॅक्शन'च्या हौसेपायी टोन घालवलेले बेस मी बरेच पाहिलेत.

४. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे, उतरा असेल तर पुढे.

५. मग पिकअपची उंची. तारेच्या फार जवळ आणलात तर चुंबक तारेला ओढून सुराचा शेपूट कापतं.

डबल बेसचा सेटअप स्वतः करू नका. बोटाने वाजवणाऱ्यासाठी फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार साधारण ५-६ मिमी आणि ई ८-९ मिमी उंच, एवढंच कारागिराला सांगा. ब्रिजच्या पायांत त्याची उंची बदलणारे फिरकी-अ‍ॅडजस्टर बसवून घ्या. कारण पावसाळ्यात कळेल.

बेस निवडताना

पहिला बेस गिटार पॅसिव्ह (बॅटरी नसलेला), चार तारांचा, प्रिसिजन किंवा जॅझ धाटणीचा घ्या. प्रिसिजनचा १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप एकच आवाज देतो आणि तो वाद्यमेळात हरवत नाही. जॅझ बेसला दोन पिकअप. दोन्ही सारखे उघडले की गुणगुण विरते, एकच उघडला की परत येते. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. जॅक लावलेला ठेवला की ती वाजवत नसतानाही संपते. माझी संपली ती लग्नाच्या मिरवणुकीत, दुसऱ्याच गाण्याला. पाच तारांचा बेस ३१ हर्ट्झपर्यंत जातो. ई च्या खालचे सूर गाण्यात खरोखर येत असतील तरच घ्या, नाहीतर पाचवी तार ही फक्त दाबून ठेवायची आणखी एक तार.

डबल बेस आपल्याकडे बहुधा जुनाच मिळतो. 'थ्री-फोर्थ' हे माप पूर्ण मोठ्या माणसांचंच आहे, बिचकू नका. घेताना कडेकडेने बोटांच्या गाठींनी ठोकत जा. जिथे फटफट असा सैल आवाज येईल तिथे सांधा सुटलाय. तो दुरुस्त होतो. मानेचा सांधा हलत असेल किंवा ब्रिजच्या पायाखाली फळीला चीर असेल तर किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. कोरीव लाकडाचा बेस अधिक गातो, पण कोकण किनाऱ्याच्या हवेत प्लायवूडचा बेस झोप लागू देतो. मी प्लायवूड वाजवतो.

डबल बेसचा पिकअप बहुधा पिझो, म्हणजे चुंबकाऐवजी लाकडाचा कंप पकडणारा, असतो. तो सरळ साध्या अँपमध्ये लावला की आवाज पातळ, कडकडीत होतो आणि बेसवाला पिकअपला शिव्या घालतो. दोष बहुतेक वेळा इनपुटचा असतो: पिझोला निदान १ मेगाओहमचं इनपुट लागतं, १० असेल तर उत्तम. कमी असलं की खालचे सूरच गळतात. आधी चांगला प्रीअँप (पिकअप आणि अँपच्या मधला छोटा अँप) घ्या, मग पिकअप बदलायचा विचार करा.

अँप, स्पीकर आणि तुमची खोली

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १०० डेसिबल संवेदनशीलतेचा कॅबिनेट ९७ वाल्यापेक्षा अर्ध्या वॅटमध्ये तेवढंच काम करतो, आणि तो आकडा कुणी विचारतच नाही. घरी २५-५० वॅट भरपूर. ड्रमरबरोबर तालमीला २००-३०० वॅट आणि बारा इंची एक किंवा दहा इंची दोन स्पीकर. पंधरा इंची म्हणजे जास्त खोल, ही समजूत सोडून द्या. पेटी कशी बांधलीय यावर जास्त अवलंबून असतं.

ओहमचा हिशेब सोपा आहे. ८ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की ४ ओहम होतात. अँपवर 'किमान ४' लिहिलं असेल तर त्याखाली जाऊ नका. कॅबिनेटला स्पीकरचीच केबल लावा. गिटारची बारीक केबल तापते.

मुंबईतली बहुतेक घरातली रियाजाची खोली दहा बाय बारा फुटांची. ४१ हर्ट्झची एक लाट ८ मीटरहून लांब असते, ती या खोलीत मावतच नाही. उलट बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६च्या आसपास आवाज साचतो. म्हणजे खालचा एफ शार्प आणि ए उगाच फुगतात, शेजारचे सूर दबतात. घरी बसून लावलेला इक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करायचे नॉब) हॉलमध्ये फसतो तो यामुळे. अँप कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा, आणि नॉब फिरवायच्या आधी स्वतः दोन पावलं सरका.

इक्यू सगळा मध्यावर ठेवून सुरू करा. ४० ते ८० हर्ट्झ पोट, ८० ते २०० अंग, २५० ते ४०० मध्ये गढूळपणा, ५०० ते १००० मध्ये बेस बोलतो, २००० च्या वर बोटांची खरखर. एकट्याने वाजवताना मधले सूर कमी केले की छान वाटतं. बँड सुरू झाला की तोच बेस गायब. मी गढूळ पट्टा थोडा कमी करतो, बोलणारा थोडा वाढवतो आणि थांबतो. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून सारखा करणारं यंत्र) घेतलात तर त्याचा रिलीज, म्हणजे दाब सोडायचा वेळ, सुराच्या शेपटाकडे कान ठेवून लावा.

ढोलकी किंवा तबल्याबरोबर मात्र इक्यूपेक्षा हात महत्त्वाचा. डग्गा आणि बेस एकाच गल्लीत राहतात. लावणीत ढोलकीचा धुमा घसरत खाली येतो तेव्हा बेसचा सूर तिथे रेंगाळत असेल तर दोघांचाही चिखल होतो. ढोलकीचा खालचा बोल पडायच्या आधी तुमचा सूर संपला पाहिजे. मी तालमीत ढोलकीवाल्याच्या डाव्या मनगटाकडे बघत वाजवतो. ते दाबायला लागलं की माझं बोट आधीच सैल झालेलं असतं.

हॉलमध्ये

साउंडवाल्या दादांना डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी), अँपच्या इक्यूच्या आधीचा सिग्नल द्या. ते हॉलप्रमाणे लावतील, तुमचा अँप तुमच्यापुरता. गुणगुण आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. मंडपात आणि जुन्या हॉलमध्ये बऱ्याचदा अर्थिंग नसतंच, आणि एका हातात बेसच्या तारा व ओठांशी माइक असताना झटका बसतो. माइकच्या जाळीला आधी टेस्टर लावून बघा. खिशात टेस्टर असलेल्या बेसवाल्याला कुणी हसत नाही.

डबल बेस घुमायला लागला, फीडबॅक आला, तर अँप मागून बाजूला घ्या, प्रीअँपवरचा फेज स्विच फिरवून पाहा, आणि ५० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर गाळणारा फिल्टर, लावा. सूर पातळ होईल असं वाटतं, पण घोंगावणं गेलं की सुराचा शेवट स्वच्छ ऐकू येतो.

पावसाळा

जूनमध्ये हवा ओली झाली की डबल बेसची फळी फुगून वर येते आणि तारा उंच होतात. थंडीत कोरडी हवा आली की खाली बसतात. अ‍ॅडजस्टर यासाठीच. अर्धा फेरा जूनमध्ये, अर्धा उलटा डिसेंबरमध्ये. खोलीत स्वस्तातला का होईना, आर्द्रतामापक टांगा आणि काटा ४० ते ६० टक्क्यांत राहील असं बघा. मुंबईत जुलैमध्ये ते जमत नाही, तेव्हा निदान बेस बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि एसीच्या झोतात ठेवू नका. माझ्या बेसचा मागचा सांधा ऑगस्टमध्ये सुटला, आणि मी दोन आठवडे तारेच्या खरखरीला दोष देत तारा बदलत बसलो. शेवटी कारागिराने एका गाठीने ठोकून दाखवलं. सांधे सरसानेच चिकटवून घ्या. फेव्हिकॉल लावलेला सांधा पुढच्या वेळी स्वच्छ उघडत नाही, लाकूड घेऊन येतो. बेस गिटारची मानही पावसात हलते, म्हणून ती व्हिजिटिंग कार्डाची तपासणी जुलै आणि जानेवारी अशी दोनदा करा. सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये टाकल्यात तर महिन्याने बदला.